काचेतलं पाणी

घड्याळजींनी काडी धरली, इंजिनाच्या पोटात भप्पकन निळी ज्योत लागली, आणि नेमकी तेव्हाच काकूंची नजर खिडकीतल्या बाटलीवर गेली. इंजिनाच्या बॉयलरमध्ये क्षार साचू नयेत म्हणून आणलेलं बॅटरीचं शुद्ध पाणी. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती आणि बुचावरचं सीलही फुटलेलं नव्हतं.

म्हणजे यांनी पाणी भरलंच नाही?

जन्मभर घड्याळं दुरुस्त केली म्हणून अख्खी गल्ली काकूंच्या नवऱ्याला घड्याळजी म्हणे. दुकान बंद केल्यावर त्यांनी परसात हा दुसरा संसार मांडला होता: बुटक्या कठड्यावरून गोल फिरणारे रूळ आणि त्यांवर हातभर लांबीचं, खऱ्याखुऱ्या वाफेवर पळणारं इंजिन. पण गेल्या महिन्यात ते भाजी आणायला गेले आणि घराची वाट चुकले. तेव्हापासून लेकीनं धोशा लावला होता की सगळं आवरा, माझ्याकडे राहायला चला आणि ते आगीचं खेळणं कुणाला तरी देऊन टाका. बरीच वादावादी होऊन शेवटी तह झाला. बाबांनी एकदा माझ्यासमोर इंजिन चालवून दाखवावं. नीट चाललं तर पुन्हा हा विषय काढणार नाही, असं लेकीनं कबूल केलं. त्यासाठीच ती आज आली होती.

तेल घालून होतंय तोच फाटक वाजलं, म्हणून घड्याळजी लेकीला आत घ्यायला गेले, आणि परत आले ते थेट गॅस सोडायला लागले. मधली पायरी राहिली असणार. किंवा नसेलही. जुन्या बाटलीच्या तळाशी उरलेलं पाणी घातलं असेल. काकू तेव्हा चहा टाकायला आत होत्या, त्यामुळे खात्रीनं काहीच सांगता येईना.

"पाणी बघितलंत ना?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"काठोकाठ आहे," असं म्हणून घड्याळजींनी बोटानं काच दाखवली.

बॉयलरच्या पाठीला काडीएवढी काचेची नळी होती. पाणी बेताचं असलं की तिच्यात रेघ दिसते. आज रेघ नव्हती, नळी अगदी नितळ होती. आणि खरी मेख तिथेच होती. ही नळी गच्च भरलेली असो की ठणठणीत कोरडी, बाहेरून दिसते सारखीच. काकूंना हे घड्याळजींनीच शिकवलं होतं, जेवताना, फिरायला जाताना, पाहुण्यांसमोरसुद्धा. इतक्यांदा, की आता त्या झोपेतही म्हणून दाखवतील. रेघ दिसली नाही तर खालची तोटी उघडून बघावी. पाणी उडालं तर उत्तम. नाही उडालं तर शहाणपणा न करता आधी विझवावं.

आज त्यांनी तोटीला हात लावला नव्हता.

लेक खुर्ची ओढून समोरच बसली होती. दाबाचा काटा काही हलेना, तेव्हा तिनं विचारलं की एवढा वेळ लागतो का. पाणी जास्त असलं की लागतोच, असं घड्याळजी तिला ऐटीत समजावू लागले. खोटं नव्हतं ते, पण पाणी मुळीच नसलं तरी काटा हलत नाहीच, आणि म्हणूनच काकूंचा जीव टांगणीला लागला. बोलावं तर लेकीसमोर त्यांची शोभा होणार आणि उद्यापासून सामान बांधायला लागणार. गप्प बसावं तर कोरडा बॉयलर तापून सांधे सुटणार, आणि शेजारीच गॅस. आगीची धास्ती होतीच. पण त्याहून जास्त धास्ती होती त्या इवल्याशा तोटीची. ती उघडली, की आपल्या नवऱ्याचं डोकं खरंच साथ सोडतंय का, तेही कळणार होतं. आणि काकूंना ते कळायला नको होतं.

मग रंग तापल्याचा वास आला.

काकू उठल्या, वाकल्या आणि गॅसची चकती फिरवून मोकळ्या झाल्या. बोटाला चटका बसला. ज्योत विझली.

"मला नाही बघवत," त्या लेकीला म्हणाल्या. "आज माझी छाती धडधडतेय. नकोच आज."

घड्याळजी असे भडकले की काही विचारू नका. पेटत्या इंजिनाला कुणी मध्येच हात लावतं का, एवढ्या वर्षांत एवढीही अक्कल येऊ नये का, असं बरंच काही त्यांनी ऐकवलं. लेकीला हसूच आलं. काकू खाली मान घालून सगळं ऐकून घेत होत्या. अशी बोलणी खाणं त्यांना त्या क्षणी स्वस्तात पडलं होतं. बोलता बोलताच घड्याळजींचा हात सवयीनं खाली गेला आणि त्यांनी तोटी उघडली.

थेंबसुद्धा आला नाही. नुसती गरम हवा आली.

त्यांचं बोलणं तिथेच थांबलं. लेकीला त्यातलं काही समजलं नाही. तोटीतून काय यायला हवं होतं, हे तिला कुठून ठाऊक असणार? घड्याळजींनी तोटी हळूच बंद केली. तुझी आई पहिल्यापासून भित्री, असं ते वर न बघता म्हणाले, आणि पुढच्या रविवारी ये, तेव्हा चालवून दाखवतो. लेक बरं म्हणाली आणि कपबश्या घेऊन आत गेली.

घड्याळजी फडक्यानं हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. काकू चटका बसलेल्या बोटावर फुंकर घालत उभ्या राहिल्या.

"यापुढे पाणी तू भरत जा," ते म्हणाले.

काकूंनी मान हलवली.

"आणि मी विचारलं, तर तुम्हीच भरलंत म्हणून सांग."