पार्किंगमधलं स्वयंपाकघर

सकाळी सलील ऑफिसला निघाला, तर गाडीच्या मागच्या सीटवर खांबेटेकाका चहाचा कप घेऊन बसलेले.

“काका, उतरा. उशीर होतोय.”

“थांब रे, शेवटच्या पोळीचा फोटो बघायचा राहिलाय.”

काकूंना जाऊन चार वर्षं झाली होती. हल्ली फोनमधली गॅलरी जिथून उघडावी, फक्त त्याच जागी, त्याच उंचीवर कुणीही काढलेले फोटो दाखवायची. जुनी इमारत पाडल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या जागी, त्याच उंचीवर, नव्या इमारतीतलं सलीलचं पार्किंग आलं होतं.

“मी जागा बदलून घेतोय,” सलील म्हणाला. “नव्या गाडीच्या पूजेचे फोटो बघायला जावं, तर काकू पोळ्या लाटताना दिसतात. सासरे विचारतात, ह्या कोण?”

काकांनी गाडीची जादा किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

“इथे गाडी लावणाऱ्या नव्या माणसाला विचारशील? मी टपावरसुद्धा बसेन.”

काकांच्या फोनवर शेवटचा फोटो उघडा होता. काकूंनी वाढलेलं ताट पुढे केलं होतं, नेमकं ड्रायव्हरच्या सीटपुढे. सलीलने ताटाकडे पाहिलं. मग त्याने किल्ली परत केली.

“उद्यापासून चपला बाहेर काढत जा, काका. स्वयंपाकघर आहे.”