उलटा संत

प्रेमाचा नि मैत्रीचा दिवस, म्हणून ओतिलिया लाल फुगा घेऊन होणाऱ्या सासूकडे आली. लग्न तोंडावर असताना म्हातारीचा मुलगा नासारिओ कामावर गेला, तो परत आलाच नव्हता. त्याला वर्षं लोटली. कोनाड्यात संत अंतोनिओ खाली डोकं वर पाय करून उभा होता. हरवलेलं शोधून देणारा तोच आणि पोरींना नवरा मिळवून देणाराही तोच. काम होईपर्यंत त्याची सुटका नाही.

"आई, नासारिओ आल्याशिवाय याला सरळ करू नका हं!"

"त्याच्यासाठी नाही गं. तुला दुसरा कुणी मिळावा म्हणून उलटा केलाय."

"आणि नासारिओ?"

म्हातारीनं दारामागचं फावडं उचललं. "त्याला शोधायलाच निघालेय. आज पोरं बेपत्ता झालेल्या आम्ही साऱ्या आया टेकडीमागचं रान खणणार आहोत."