युस्टेसच्या कॅसेटी

युस्टेसचं ट्रम्पेट मरोळ गावठाणात कुणाला कधी कळलंच नाही. त्याचा बिनचालीचा जॅझ ऐकून लग्नाच्या बँडनेही त्याला काढून टाकलं, तेव्हा तो घरीच वाजवून कॅसेटी भरत राहिला. त्याची पंचाहत्तरी उलटल्यावर जुन्या जॅझचा एक अभ्यासक त्या कॅसेटी शोधत दारात आला. मुलीने, यव्होनने, खोका आणून दिला. पहिल्या कॅसेटमधून सिनेमाची गाणी निघाली. मग सगळ्यांतूनच. "यव्होन, ही तुझी आवडती गाणी ना गं?" "हो, डॅडी. तुझ्या वाजवण्यावर मीच भरली. शाळेत मुली हसायच्या, मला तुझी लाज वाटायची." म्हाताऱ्याने भिंतीवरचं ट्रम्पेट उतरवून ओठांना लावलं. तोंडात दात उरले नव्हते, नुसती हवा फुसफुसली. तरी तो थांबेना. पाहुण्याने रेकॉर्डर चालू केला. युस्टेसचं जगात तेवढंच रेकॉर्डिंग उरलंय: अकरा मिनिटं त्याची धाप, आणि मागे मुलीचं रडणं.