वर्ष आणि एक दिवस

युट्टाच्या नवऱ्याला जाऊन वर्ष आणि एक दिवस झाला, तसे हातमोजे शिवणाऱ्यांच्या संघाचे दोन पंच तिच्या कारखान्यात आले.

"विधवेची मुदत संपली, बाई. संघातल्या कारागिराशी लग्न कर, नाहीतर टाळं लागेल."

"करते." तिची सुई चालूच होती.

"रुप्रेख्ट बघ. एकटा कारखाना ओढेल. मग तू सुई ठेवायची आणि चूल सांभाळायची."

"ओत्मारशी करते."

म्हातारा पंच हसला. "तो? अगं, तुझ्या नवऱ्याने शिवलेले हातमोजे बिशपच्या हातात असायचे! या गाढवाला अंगठा कुठे जोडायचा तेसुद्धा कळत नाही."

"ह्यांनाही नव्हतं कळत," युट्टा म्हणाली आणि तिने पुढचं कातडं ओढून घेतलं.