सात रंगांची बटणे

एसटीतून उतरून आलेल्या म्हाताऱ्यापुढे योगिनीने पाण्याचा पेला ठेवला नाही. कागद ठेवला.

"आधी हे वाचा. मंग बसा."

म्हातारा म्हणजे लेखक शेषराव, नांदेडचे निवृत्त मास्तर. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी मुलांसाठी एक पुस्तक लिहिले आणि त्यातला सटकनाथ नावाचा विक्षिप्त गोळीवाला घराघरांत पोचला. इकडे कामरगावच्या बाजारओळीत, कढईमागे बसलेले योगिनीचे आजोबा गोपीचंद म्हणजेच तो सटकनाथ, हे गावात कुणाला सांगावे लागत नव्हते. तोच काळा कोट, त्याला सात रंगांची सात बटणे. कमरेला लटकवलेला पितळी झारा. उकळत्या पाकाला लेकरासारखे रागावण्याची तीच तऱ्हा. आणि तोच नियम: जे पोर नवे, ताजे खोटे सांगेल त्याला एक गोळी फुकट.

पुस्तकावर पहिल्यांदा मालिका निघाली तेव्हा योगिनी जन्मलीही नव्हती. त्यातला सटकनाथ ढेरपोट्या होता. दर भागात पाकाच्या कढईत पडायचा. गाव हसले. आजोबाही पोट धरून हसले म्हणतात. यंदाचा सिनेमा मात्र हसण्यासारखा नव्हता. त्यातला सटकनाथ हडकुळा, चुना फासल्यासारख्या चेहऱ्याचा, गोळीच्या आमिषाने लेकरांना तळघरात नेणारा. कोट तोच. बटणे तीच.

सिनेमा आधी लोकांच्या मोबाइलवर आला, मग त्यांच्या नजरेत. आया लेकरांचे दंड धरून दुकानावरून भराभरा जाऊ लागल्या. एका सकाळी दुकानाच्या फळीवर कोळशाने लिहिलेले सापडले: 'पोरं धरणारा'. आजोबांनी ते ओल्या फडक्याने पुसले आणि कढई चढवली. त्या दिवशी खोटे सांगायला एकही पोर आले नाही. होळी आठ दिवसांवर आली तरी साखरेच्या गाठ्यांची विचारणा नव्हती. न खपलेल्या गोळ्या बरणीत एकमेकींना चिकटून त्यांचा एकच मोठा, मुका गोळा झाला होता.

योगिनी अकोल्याला वकिली शिकत होती. तो गोळा तिने पाहिला आणि तिची सुट्टी तिथेच संपली. तिचा राग उकळला असता तर निदान वाफ होऊन गेला असता. तो निवत गेला आणि निवता निवता घट्ट झाला.

"राहू दे पोरी," आजी तुळसाबाई म्हणाली. "नको उकरू."

"काहून नको? जित्या माणसाचं भूत करून टाकलं त्याईनं, अन् आपन गप बसाचं?"

ती गाठ्यांच्या लाकडी साच्यांत दोरा घालत राहिली.

आजोबांनी मात्र तिला अडवले नाही. "त्या माणसाले इथं बोलाव," ते म्हणाले. "चाळीस वर्षं झाली, मले त्याले एक गोष्ट सांगाची हाये." बोलताना त्यांनी झारा कढईच्या काठावर दोनदा वाजवला. तो आवाज अपमानाचा आहे, हे योगिनीने ओळखले आणि त्याच दुपारी पत्र धाडले.

आता तो माणूस समोर उभा होता आणि कागद वाचत होता. कागदावर योगिनीने तीनच वाक्ये लिहिली होती. सटकनाथ हे पात्र मी कामरगावच्या गोपीचंद यांच्यावरून, त्यांना न विचारता रचले. सिनेमाने त्यांची बदनामी केली आहे. मी त्यांची जाहीर माफी मागतो. खाली सहीची जागा. एवढी सही मिळाली की ती थेट कोर्टाची पायरी चढणार होती.

शेषरावांनी कागद दोनदा वाचला.

"बाई, त्या सिनेमाचा मलाही संताप आहे. त्यांनी मलाही विचारलं नाही. माफी मी शंभर वेळा मागेन. पण पहिली ओळ खोडावी लागेल."

"काहून? चोरी कबूल होते म्हनून?"

"ती खरी नाही म्हणून. कामरगाव मी आज पहिल्यांदा बघतोय. तुमच्या आजोबांनाही."

समोरचा टेलर राजू गळ्यातल्या टेपसकट रस्ता ओलांडून आला होता. "खोटं तं ताजं हाये, गोपीकाका," तो म्हणाला. "द्या मास्तरले एक गोळी."

जमलेली चार माणसे हसली. योगिनी हसली नाही. तिने आजोबांच्या कोटाची बाही धरून पुढे ओढली.

"मंग हा कोट कोनाचा? हे बटनं? हा झारा? पाकासंग भांडनं, पोराईले खोट्याची गोळी देनं, हे सारं तुमाले नांदेडात बसल्या बसल्या दिसलं?"

"नांदेडात बसल्या बसल्याच दिसलं," शेषराव म्हणाले. त्यांचा आवाज एकाएकी उतरला होता. कागद त्यांच्या हातात तसाच राहिला; डोळे एकेका बटणावर थांबत पुढे सरकत होते. "मी उभ्या आयुष्यात पाक केलेला नाही, बाई."

"तोंडावर खोटं बोलून राह्यले तुमी," योगिनी म्हणाली. "आबा, सांगा त्याईले. गप नका बसू. चाळीस वर्षं जे सांगाचं होतं ते आता सांगा."

तुळसाबाई आतल्या दाराशी आली आणि तिथेच थांबली.

गोपीचंद उठले. बरण्यांमागच्या कोनाड्यात हात घालून त्यांनी एक पुस्तक काढले. मुखपृष्ठ गेलेले, कडा तेलकट, पाने साखरेने चिकटलेली. पान त्यांना शोधावे लागले नाही. पुस्तक आपसूक तिथेच उघडले. त्यांनी ते लेखकाच्या नाकासमोर धरले. कधी नव्हे तो त्यांचा चेहरा संतापाने काळवंडला होता.

"सतराव्या पानावर सटकनाथ पाक करते, तिथं लिंबू पिळाचं लिवाचं राह्यलं तुमचं, मास्तर," ते म्हणाले. "पह्यलं सालभर माहा सारा पाक वाया गेला."