माझं काही अडत नाही

लष्करातून निवृत्त झालेला तो हिरवा ट्रक गल्लीच्या तोंडाशी चिखलात रुतून बसला. पूर नव्हता, दलदल नव्हती. रात्री नळाचा पाइप फुटला होता आणि नव्या भरावाची माती लोण्यासारखी झाली होती, एवढंच. त्याच मातीवरून सकाळपासून दोन शेळ्या आणि एक सायकल सुखरूप गेली होती.

"बसला वाटतं," दुकानाच्या पायरीवरून शिंपी म्हणाला.

"हा बसत नाही," खिडकीतून मेजर म्हणाला. "दम खातोय."

मेजर कधी फौजेत नव्हता. फौजेत ट्रक होता. पण लिलावातून तो दारात आला आणि हुद्दा मालकाला चिकटला. डोंगर चढलेला, नद्या तुडवलेला ट्रक आहे, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचा. आणि खोटं कशाला बोला, इतक्या वर्षांत ट्रक कुठे अडकला नव्हता.

त्याची बायको आज त्याच्या शेजारी बसली नव्हती. ती मागे, उघड्या हौद्यात, आपल्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसली होती, केबिनकडे पाठ करून. सकाळी मेजरनं तिच्या नव्याकोऱ्या टॉवेलनं ट्रकचं बोनेट पुसलं होतं. शब्दाला शब्द लागला आणि तो म्हणून गेला, "जा खुशाल बहिणीकडे. तुझ्यावाचून माझं काही अडत नाही." ती आत गेली, ट्रंक भरली, बाहेर आली. "स्टँडवर सोडा," इतकंच म्हणाली. आणि आता बसची वेळ होत आली होती.

मेजरनं सीटशेजारचा दांडा पुढे ढकलला. या दांड्यानं पुढची चाकंही ओढायला लागतात. ट्रकची सगळी मर्दुमकी त्यातच. इंजिन गरजलं, ट्रक वीतभर सरकला आणि खट्‌. दांडा आपोआप मागे आला. मागची चाकं जागच्या जागी गरगरली. शिंप्याच्या पायरीवर चिखल उडाला.

"आत्ताच धुतली होती पायरी," शिंपी म्हणाला.

मेजरनं पुन्हा दांडा ढकलला. पुन्हा खट्‌.

"आज याला झालंय काय?"

"फौजेतला आहे ना," शिंपी म्हणाला. "रजेवर गेला असेल."

शेवटी शिंपीच केबिनमध्ये चढला. दोन्ही हातांनी दांडा दाबून धरायचा आणि काही झालं तरी सोडायचा नाही, असं मेजरनं त्याला बजावलं. इंजिन गरजलं. खट्‌. शिंपी दारावर आपटला, दारासकट उघडला आणि बोटं चोळत खाली उतरला.

"आपले हात काजं-बटणांचे, मेजर. एखादा पहिलवान बघा."

"पहिलवान नको," हौद्यातून आवाज आला. "टाच लागते."

दोघांनी वर पाहिलं. ती अजून पाठ करूनच बसली होती.

"कसली टाच?" मेजरनं विचारलं.

"उजवी. चप्पल काढून, दांड्यावर रोवून धरावी लागते. तो काय आजच सुटतोय? आणला त्या दिवसापासून सुटतोय."

ओढ्यातला तो उतार मेजरला आठवला, खडीच्या खाणीतला चढ आठवला. दर वेळी ती शेजारी बसलेली, मांडीवर मटारची पिशवी, नजर खिडकीबाहेर, आणि एक पाय पुढे ताणलेला. गुडघा दुखतो म्हणून ती तशी बसते, असं त्याला वाटायचं.

"मग सांगायचं नाही?"

"तुम्ही इतक्या कौतुकानं सांगत होता सगळ्यांना. डोंगर काय, नद्या काय."

शिंप्यानं घाईघाईनं पायरीवर परतून सुईत दोरा ओवायला घेतला. तो काही ओवला जाईना.

मेजर खाली उतरला. चिखल तुडवत मागे आला. एक बूट वाटेतच राहिला, तो काढायला तो थांबला नाही.

"अगं, पुढे ये ना जरा."

"का?"

"अडलंय."

"कुणाचं?"

"ट्रकचं."

तिनं ट्रंकेची कडी नीट लावली. आधीच लावलेली होती, तरी लावली. लांबून बसचा हॉर्न ऐकू आला.

"कुणाचं?"

मेजरनं शिंप्याकडे पाहिलं. त्यानं तोंड फिरवलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं फिरवलं नाही.

"माझं," मेजर पुटपुटला.

"मोठ्यानं, मेजर," शिंपी म्हणाला. "मध्ये पत्रा आहे."

"माझं अडलंय."

ती उतरली. केबिनमध्ये चढली, चप्पल काढून बाजूला ठेवली, पाय ताणला. ट्रकनं एक हुंकार दिला आणि म्हैस तळ्यातून निघावी तसा, अंगाखांद्यावर चिखल घेऊन, सावकाश बाहेर आला.

पुढे फाटा होता. डावीकडे वळलं की स्टँड. सरळ गेलं की रस्ता तळ्याला वळसा घालून पुन्हा त्यांच्याच घरामागे निघायचा. बस स्टँडवर उभी होती, इथूनही दिसत होती. मेजरनं ट्रक अगदी हळू केला. रस्ता कोरडा ठणठणीत होता.

"टाच काढ आता," तो म्हणाला. त्याला म्हणायचं नव्हतं. "दांडा पुढे असला की वळायला जड जातं."

ती खिडकीबाहेर तळ्याकडे बघत होती. पाय होता तसाच ताणलेला.

"गुडघा दुखतोय," ती म्हणाली.