विसावा पॉइंट

बेसिलने मेल तिसऱ्यांदा वाचला. परवान्याचं नावही नव्हतं. नुसतं एवढंच, की अभिनंदन, आपले वीस पॉइंट झाले.

कसलं डोंबलाचं अभिनंदन! अमेरिकेतल्या डोंगरी मेंढ्याच्या शिकारीसाठी त्याचे मालक खिजरसाहेब एकोणीस वर्षं रांगेत होते. दरवर्षी बेसिलने अर्ज भरायचा, वर्षाला एक पॉइंट पदरात पाडायचा. ज्याचे पॉइंट जास्त, त्याला परवाना आधी. यंदा नंबर नक्की होता. साहेबांनी बजावलंही होतं, "या वेळी पॉइंट नको, परवाना माग." आणि आमच्या या वसईकर शहाण्याने सवयीने 'फक्त पॉइंट' याच चौकटीत खूण केली होती.

आखातातल्या नईम वस्तीतल्या त्या ऑफिसात मेंढ्याच्या मुंडक्यासाठी भिंतीत पितळी हूकसुद्धा ठोकून ठेवला होता. अख्ख्या मोहल्ल्याला सांगून झालं होतं. टेबलावर बेसिलच्या व्हिसाच्या मुदतवाढीचा कागद साहेबांच्या सहीसाठी पडला होता. गावी लेकीचं, लविनाचं, नर्सिंगचं अजून एक वर्ष बाकी. खलास, आता बॅगा भरायच्या, बेसिलला वाटलं.

जिन्यावर काठी वाजली. एक पायरी, मग थांबा. पुन्हा एक पायरी. साहेब धापा टाकतच आत आले.

"आला निकाल?"

बेसिलचा हात मेल बंद करायला गेला. पण लपवून लपणार होतं थोडंच! "सर, चूक झाली माझ्या हातून. मी परवाना मागितलाच नाही. नुसता पॉइंट घेतला."

साहेब भिंतीला धरून खुर्चीत टेकले.

"म्हणजे यंदा जायचं नाही?"

"नाही, सर."

"तो डोंगर चढायचा नाही?"

"नाही, सर. माफ करा."

साहेबांनी दोन्ही हातांनी गुडघा दाबला आणि डोळे मिटले. "अल्हम्दुलिल्ला," देवाचे आभार मानत ते अगदी हळू म्हणाले. मग व्हिसाचा कागद पुढे ओढून त्यांनी सही ठोकली.

बेसिलच्या डोळ्यांत पाणीच आलं. "पुढच्या वर्षी परवानाच मागतो, सर. आईशपथ!"

"मागून तर बघ!" साहेब केवढ्यानं ओरडले. मग दाराकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला. "लोकांना सांग, यंदा नंबर लागला नाही. पुढच्या वर्षीही तेच सांग."

आणि बसल्या बसल्या हात वर करून त्यांनी आपली काठी त्या पितळी हुकाला अडकवली.